शेवटचं अक्षर बघ

गुरुवारी एल आल्तोच्या पठारावर,
जिथे पाणी लवकर उकळतं आणि बटाटा उशिरा शिजतो,
दोन्या कासिमिरा निळ्या ताडपत्रीवर
लॅपटॉप मांडते पालथे.
पोट वर, पडदा खाली.
गिऱ्हाईक पडद्याला भुलतं, म्हणते,
मला खालचं दार बघायचं असतं.

इकीकेच्या बंदरातून येतो हा माल,
कुठल्या कुठल्या कचेऱ्यांनी निवृत्त केलेला.
एकावर अजून 'लेखा विभाग, सतरा',
एकावर कुणा पोराने चिकटवलेला डायनोसॉर.

तिच्याकडे एक वही आहे, तेलकट.
डावीकडे मॉडेल, उजवीकडे खूण:
बरोबर, फुली,
किंवा नुसतं टिंब.
टिंब म्हणजे उघडून पाहिलेलं नाही,
आणि न पाहिलेल्याबद्दल ती बोलत नाही.

मी माझा चंदेरी पुढे केला, बोटभर जाडीचा.
पाण्याच्या नळांचे नकाशे काढतो, म्हटलं,
नळ तीन हजारांवर गेले की हा गोठतो.
प्रोसेसर बदलून द्या.

तिने उघडलासुद्धा नाही.
"नावाचं शेवटचं अक्षर बघ. यू.
यू म्हणजे डाख देऊन बसवलेला,
काढायचा तर घरासकट उचलावा लागेल.
एम असता तर पुढचं बोललो असतो."

मग ढिगाच्या तळातून तिने ओढलं
एक काळं धूड, विटेएवढं जड.
दोन स्क्रू, झडप, पंखा, तांब्याची नळी,
आणि तिथे खोबणीशेजारी एक लहानसा खिळा,
ज्याला अर्धा वळसा दिला
की चिप हातात येते, मुकाट.
नव्या चिपखाली नऊशे अठ्ठ्याऐंशी पिना.
सोन्याच्या पायांची गोम.
ती फुंकर मारत नाही. "थुंकी उडते," म्हणाली.

बसवली. बटण दाबलं.
पंखा घुमला. पडदा काळा.
पुन्हा दाबलं. काळाच.

मी चंदेरीकडे पाहू लागलो.
ती मात्र वहीत फुली मारेना.
"खोबण तीच आहे, मदरबोर्डही चालणारा,
पण बायोस जुना. याने हिचं नाव ऐकलेलं नाही."
जुनी चिप परत बसवली,
तिच्याकडूनच नवा बायोस घालायचा,
आणि तेवढ्यात वीज जाता कामा नये.

वीज एकाच तारेवर होती,
आमची, आणि शेजारच्या दोन फ्लोरेन्सियोच्या कर्ण्याची,
जो सकाळपासून यकृत, पित्त, गुडघे
एकाच बाटलीत बरे करत होता.
कासिमिरा उठली, त्याच्या कानाशी काही बोलली.
कर्णा बंद.
चार मिनिटं त्या गल्लीत
फक्त वारा आणि ताडपत्रीची फडफड.
लोक माना वळवून बघू लागले,
काय झालं म्हणून.
पडद्यावरची पट्टी मुंगीच्या चालीने शंभरावर गेली.

पुन्हा खिळा, अर्धा वळसा, पुन्हा गोम.
बटण.
या वेळी उजेड,
आणि कोपऱ्यात चिपचं नाव, शेवटी क्यूएम.
"पंचेचाळीस वॅट खाईल," ती म्हणाली.
"पंखा पस्तिसाचा आहे, आणि इथली हवा विरळ.
अंथरूण पाहून नळ टाक."

चंदेरी आणि वर तीनशे, सौदा ठरला.
कर्ण्यातून पुन्हा पित्त सुरू झालं.
जुनी चिप तिने काडेपेटीत घातली,
माझ्या खिशात सरकवली:
"हीही ठेव. नवी रुसली
तर जुनीलाच बोलवावं लागतं."

वहीत बरोबरची खूण केली,
पुढे बारीक अक्षरात: 'आधी बायोस. पंखा ओरडतो.'

उतरताना केबल कारमध्ये
मांडीवर ते धूड, खिशात काडेपेटी.
खाली शहरात हवा जरा दाट आहे,
पंखा तिथे थोडा कमी ओरडेल,
असंही ती म्हणाली होती.
पण ते तिने पाहिलेलं नव्हतं,
म्हणून वहीत लिहिलं नाही.